सोडियम किती वाढलं, हेही विचारा

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत किंवा घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, कुठल्याही हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये अर्धा तास बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं. ‘सोडियम कम हो गया है.’ कुणाच्या अम्मीचं, कुणाच्या आजोबांचं, कुणाच्या सासूबाईंचं. मी लहान असताना हा शब्द आमच्या मोहल्ल्यात कुणी उच्चारत नव्हतं. शुगर होती, बीपी होतं, ‘किडनी का प्रॉब्लेम’ होता. आता सोडियम आलं आहे. शब्द आला म्हणजे त्याचा अर्थही सोबत आला असं मात्र होत नाही, हे भाषा शिकवणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मराठी, उर्दू, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी येतं म्हणून नातेवाईक आणि शेजारीपाजारी फॉर्म भरायला, कागद वाचून दाखवायला हॉस्पिटलात बोलावून घेतात. त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. डॉक्टर म्हणतात ‘सोडियम’. वॉर्डातली सिस्टर नातेवाइकांना कळावं म्हणून म्हणते ‘नमक’. निरोप घरी पोहोचेपर्यंत त्याचं ‘नमक कम खाया’ होतं. मग दोष सुनेवर येतो की तूच फिकं जेवण देत होतीस. संध्याकाळी डब्यात खारवलेला भात येतो, कुणी मिठाचं पाणी पाजतं आणि सगळ्यांना वाटतं, आता भरून निघेल.

बहुतेक वेळा भानगड मिठाची नसते, पाण्याची असते. सालनमध्ये दोन ग्लास पाणी जास्त पडलं तर ते अळणी लागतं. मीठ तेवढंच आहे, पाणी वाढलं आहे. रक्ताचंही तसंच होतं. रिपोर्टवर सोडियमचा जो आकडा असतो तो शरीरातल्या एकूण मिठाचा हिशेब नसतो, एक लिटर रक्तद्रवात ते किती आहे याचं माप असतं. १३५ ते १४५ हे ठीक. शरीरात पाणी धरून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक आहे. आजारपणात, वेदनेत, ऑपरेशननंतर किंवा काही औषधांमुळे ते गरज नसतानाही काम करत राहतं, मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नाही आणि आकडा घसरतो. १३०, १२५, ११५. न्यूमोनिया, टीबी, डोक्याला मार, फिट्सच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या, अशी कारणं बरीच आहेत.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त दिसणारं चित्र वेगळं आहे. साठी-सत्तरीची, अंगाने बारीक बाई. बीपीची गोळी चालू, तीही लघवी वाढवणारं औषध मिसळलेली. नावापुढे ‘एच’ लावलेल्या बऱ्याच गोळ्यांत हे हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, हे खाणाऱ्याला माहीत नसतं. बीपी आहे म्हणून मीठ तोडलेलं. दात नाहीत आणि भूक नाही, म्हणून दिवसभर चहात बुडवलेले टोस्ट. त्यात दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, किंवा उन्हाळ्यातला रमजान आला आणि सहरीला ‘दिवसभर तहान नको’ म्हणून तांब्याभर पाणी एकदम प्यायलं गेलं. (आजाऱ्याला रोज्याची सूट कुरआनातच दिलेली आहे. पण आमच्या बुजुर्गांना ती सूट घ्यायला लावणं हे वेगळंच काम आहे.) मग ती बाई गप्प गप्प होते, चालताना तोल जातो, नातवाचं नाव चुकते. घरचे म्हणतात, वय झालं. फिट आली की रिक्षा काढतात.

इथपर्यंतची गोष्ट आता पुष्कळांना माहीत आहे. मला बोलायचं आहे ते यापुढच्या भागाबद्दल. घसरलेलं सोडियम धोकादायक असतंच. ते वर आणताना घाई झाली तर मेंदूला वेगळीच इजा होऊ शकते, कधी कायमची. आणि ही घाई बऱ्याचदा आपण, नातेवाईक, मागत असतो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका बाईंना उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये दाखल केलं. सोडियम १०६. अर्धवट शुद्ध, मधूनच बडबड. मुलगे तिघे, तिघेही घाबरलेले. दर तासाला काउंटरवर जाऊन विचारत होते, ‘कब बढ़ेगा? जल्दी बढ़ाओ ना, पैसे की फिकर मत करो.’ सलाईन चालू होतं, दुपारी ते बदलून जास्त तीव्रतेचं लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा रिपोर्ट आला, १२८. बाई जाग्या झाल्या, चहा मागितला, मुलांना ओळखलं. वॉर्डात मिठाई वाटली गेली. तिसऱ्या दिवशी घरी. पाचव्या दिवशी जीभ जड झाली. सहाव्या दिवशी पाणी गिळताना ठसका लागायला लागला, हातपाय लाकडासारखे झाले. डोळे उघडे, बोलणं बंद. घरात कुणी म्हणालं लकवा, कुणी म्हणालं नजर. एका थोरल्या नातेवाइकाने तर दम करणाऱ्याला बोलावलं. मोठ्या हॉस्पिटलात नेल्यावर एमआरआय झाला आणि तेव्हा कुठे या घरात तो लांबलचक शब्द आला, ‘ऑस्मॉटिक डिमायलिनेशन’.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला डॉक्टर असण्याची गरज नाही. शाळेत परासरण शिकवताना मनुका पाण्यात टाकून दाखवतात. साध्या पाण्यात मनुका फुगते, खारट किंवा साखरेच्या दाट पाण्यात टाकली की आकसते. रक्त पातळ झालं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात. कवटी हाडाची, फुगायला जागा नाही. मग पेशी स्वतःच बंदोबस्त करतात. आपल्या आतले क्षार आणि काही सेंद्रिय रेणू बाहेर टाकून दोन दिवसांत त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात, फुगवटा उतरतो. शरीराची ही करामत मला फार थक्क करते. १०६ सोडियम असलेली बाई जिवंत असते, थोडंफार बोलते, ती या बंदोबस्तामुळेच.

आता विचार करा. पेशींनी आपलं सामान बाहेर टाकलेलं आहे आणि बाहेरचं रक्त एका दिवसात एकदम खारट झालं. टाकलेलं सामान परत आत घ्यायला पेशींना कित्येक दिवस लागतात. तेवढ्यात पाणी मात्र झरझर बाहेर ओढलं जातं. मनुका आकसते. या धक्क्यात मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टण बनवणाऱ्या पेशी मरतात. विजेच्या वायरीवरचं रबर निघावं, तसं ते वेष्टण जातं.

सगळ्यात जास्त मार बसतो तो मेंदूच्या खालच्या भागातल्या ‘पॉन्स’ला. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. मेंदूकडून हातापायांना, जिभेला, घशाला जाणारे संदेश या अरुंद पुलावरून जातात. अंधेरीकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल बंद झाला. पूर्वेला माणसं होती, पश्चिमेला माणसं होती, गाड्या होत्या, पेट्रोल होतं. फक्त जायला वाट नव्हती. एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली (ती उघडली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती, तो किस्सा वेगळा), दुसरी मे २०२५ मध्ये. पॉन्सची इजा झालेल्या माणसाचं तसंच होतं. त्याला ऐकू येतं, समजतं, रडू येतं. शब्द जिभेपर्यंत पोहोचत नाही. फार वाईट अवस्थेत माणूस फक्त डोळे वर-खाली हलवू शकतो, आतून मात्र पूर्ण जागा असतो. ‘अम्मी को कुछ समझता नहीं’ असं त्यांच्या उशाशी उभं राहून मोठ्याने म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या दुखण्याची एक चकवणारी गोष्ट म्हणजे त्याची वेळ. आकडा झपाट्याने वाढतो त्या दिवशी रुग्ण सुधारल्यासारखा दिसतो, कारण खरोखरच सूज उतरलेली असते. इजा दिसायला लागते ती साधारण दोन ते सहा दिवसांनी. तोवर डिस्चार्ज झालेला असतो, बिल चुकतं झालेलं असतं. एमआरआय पहिल्या काही दिवसांत केला तर तो स्वच्छ येऊ शकतो, डाग दिसायला कधी दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणून दोन घटनांचा संबंध कुणी जोडतच नाही. सोडियमचा आजार बरा झाला, मग लकवा आला, नशीब. असं म्हणून किती घरांनी हा प्रकार पचवला असेल, कोण जाणे.

वैद्यकशास्त्रालाही हा संबंध जोडायला पंचवीसेक वर्षं लागली. १९५९ मध्ये रेमंड अॅडम्स, मॉरिस व्हिक्टर आणि एलियट मॅन्कॉल या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या चार रुग्णांवरून हा विकार पहिल्यांदा नोंदवला. रुग्ण दारूच्या आहारी गेलेले किंवा कुपोषित होते, त्यामुळे बरीच वर्षं हा दारुड्यांचाच आजार समजला गेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल नॉरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या वाढीकडे बोट दाखवलं. १९८६ मध्ये रिचर्ड स्टर्न्स आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आठही जणांचं सोडियम दिवसाला १२ पेक्षा जास्त वेगाने वाढलं होतं आणि त्यानंतर त्यांची अवस्था बिघडली होती. ‘ऑस्मॉटिक डिमायलिनेशन’ हे नाव त्या लेखाने रूढ केलं.

दारूचा हा जुना ठपका आपल्याला दोन प्रकारे महागात पडतो. एक तर ‘आमच्याकडे कुणी पीत नाही, आम्हाला काय’ असं वाटतं. दुसरं, कुपोषण हा शब्द मागे पडतो. धोका सर्वात जास्त कुणाला, तर ज्यांचं सोडियम १०५ किंवा त्याखाली आहे, ज्यांचं पोटॅशियम कमी आहे, लिव्हर खराब आहे, जे नीट जेवत नाहीत आणि जे दारू पितात, त्यांना. या यादीतून दारू काढून टाका. उरलेली यादी आपल्या घरातल्या चहा-टोस्टवर जगणाऱ्या, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या दादी-नानीशी जुळते का, ते बघा.

यातून ‘सोडियम वाढवूच नका’ असा अर्थ कुणी काढला तर तोही जीवघेणा ठरेल. १९८६ मध्येच अॅलन एरिफ यांनी पंधरा स्त्रियांची हकिगत मांडली होती. धडधाकट बायका, साध्या ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आलेल्या. ऑपरेशननंतर सोडियम कोसळलं, फिट्स आल्या, श्वास थांबला. काही गेल्या, बाकीच्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणतो हळू वाढवा, दुसरा म्हणतो उशीर करू नका. हा वाद अजून मिटलेला नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या पाच हॉस्पिटलांतला अभ्यास आला. कमी सोडियमचे २२ हजारांहून जास्त दाखले तपासले, त्यांत ही मेंदूची इजा फक्त बारा जणांना झालेली आढळली, आणि त्यातल्या सात जणांचं सोडियम तर नेमून दिलेल्या वेगातच वाढलं होतं. म्हणून आता काही तज्ज्ञ म्हणतात की आपण वेगाला नको तितके घाबरतो आणि त्या भीतीने उपचारच अपुरे करतो.

मला दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं, आणि त्यात मला विरोध दिसत नाही. फिट येत असेल, शुद्ध हरपत असेल तर तीव्र सलाईनचे छोटे डोस लगेच द्यावे लागतात. तेव्हा ४ ते ६ ची वाढ जीव वाचवायला पुरते. १०६ चे १११ झाले की पहिलं संकट टळतं. तिथून पुढे घाई कशाला? जोखमीच्या रुग्णात चोवीस तासांत ८ च्या वर जाऊ नये, इतरांत १० ते १२ च्या वर नको, असं बहुतेक मार्गदर्शक नियम सांगतात. टोरांटोचा आकडा दिलासा देणारा आहे, पण तिथल्या वॉर्डात रक्ताचा रिपोर्ट ज्या वेळात येतो त्या वेळात आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये येतो का? आणि तिथले बहुतेक रुग्ण १०६ वर पोहोचलेले नव्हतेच.

खरी अडचण या रिपोर्टच्या वेळेतच आहे. अशा रुग्णाचं सोडियम सुरुवातीला दर दोन-चार तासांनी, नंतर चार-सहा तासांनी तपासायला हवं. मोठ्या हॉस्पिटलात लॅब आत असते. आमच्याकडच्या वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये रक्ताची नळी कलेक्शनवाला मुलगा बाइकवरून नेतो, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचं ट्रॅफिक पार करतो आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर येतो. तेवढ्या वेळात सलाईन थेंब थेंब चालूच असतं. रात्री एकच आरएमओ, त्याच्याकडे तीन मजले. यात कुणी खलनायक नाही.

आणि सलाईन जपून दिलं तरी आकडा उसळू शकतो. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या किंवा त्या ‘एच’वाल्या गोळीने घसरलेल्या रुग्णाला साधं सलाईन मिळालं, गोळी थांबली, की पाणी धरून ठेवणारं संप्रेरक एकदम गप्प होतं. मूत्रपिंड साठलेलं पाणी भराभर सोडतात. लघवी पांढरी स्वच्छ, पिशवी तासाला शंभर मिलिलिटरच्या पुढे भरायला लागते आणि सोडियम आपोआप चढतं. आता ही पिशवी रात्री कोण रिकामी करतं? बऱ्याचदा मावशी नसतात, मुलगा किंवा सूनच करते. म्हणजे धोक्याची पहिली खूण नातेवाइकाच्या हातात असते आणि त्याला वाटतं, ‘पेशाब खुलके हुआ, अल्हम्दुलिल्लाह.’ त्याने तेवढंच सिस्टरला सांगितलं की दोन तासांत पिशवी भरली, तर लगेच रक्त तपासता येतं.

आकडा फार चढला असं वेळेत लक्षात आलं तर तो पुन्हा थोडा खाली आणता येतो. त्यासाठी ग्लुकोजचं पाणी आणि डेस्मोप्रेसिन नावाचं औषध देतात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मी एका वॉर्डात यावरून भांडण होताना पाहिलं आहे. ‘काल वाढवलं, आज कमी करतायत, डॉक्टरला कळतं का काही?’ डॉक्टर तरुण होती, रेसिडेंट असावी. बरोबर तेच करत होती जे करायला हवं होतं, पण तिला ते हिंदीत सांगता येईना आणि समोरचे पाच पुरुष इंग्रजी ऐकायला तयार नव्हते. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. हात उगारण्यापर्यंत जाणाऱ्या दहा भांडणांतली काही तरी नुसत्या न समजलेल्या वाक्याची असतात, हे मी शिक्षकाच्या अनुभवावरून म्हणते.

आपल्या लोकांचा सलाईनच्या बाटलीवर फार विश्वास. ‘ताकत की बोतल’ म्हणतात तिला. थकवा आला की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन एक बाटली चढवून यायची. बाटल्यांत फरक असतो हे कुणी बघत नाही. साध्या सलाईनच्या लिटरमध्ये सोडियम १५४ असतं, तीन टक्क्यांच्या सलाईनमध्ये ५१३, आणि पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत शून्य. साखर शरीर वापरून टाकतं, उरतं ते निव्वळ पाणी. सोडियम आधीच कमी असलेल्या आजीला अशक्तपणासाठी ग्लुकोज चढवलं तर तिचं सालन आणखी अळणी होतं. तिन्ही बाटल्या दिसायला सारख्या, लटकवायचा हुक एकच.

म्हणून माझं मत असं आहे की सोडियम कमी असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला पहिल्याच दिवशी अर्धं पान कागद मिळाला पाहिजे, त्याला वाचता येईल अशा भाषेत. मराठीत, हिंदीत, आपल्या भागात उर्दूत. महापालिकेच्या दवाखान्यांत टीबीची, डेंग्यूची, लसीकरणाची पत्रकं अनेक भाषांत लागतात, ती लोक वाचतातही. महापालिका स्वतः उर्दू शाळा चालवते, तर उर्दूत अर्धं पान लिहून देणारी माणसं तिच्याच पगारपत्रकावर आहेत. खासगी नर्सिंग होमला तर एक झेरॉक्स पुरेल. कूपरला, राजावाडीला, भगवतीला रोज जी गर्दी लोटते तिच्यात रेसिडेंट डॉक्टरने प्रत्येक खाटेपाशी दहा मिनिटं थांबून परासरण समजवावं, अशी अपेक्षा मी करत नाही. ते काम कागद करू शकतो.

कागद नसेल तिथे विचारावं लागेल. विचारण्याची आपली रीत थोडी बदलायला हवी. ‘कब बढ़ेगा’ या प्रश्नाने डॉक्टरवर घाईचं दडपण येतं. ‘कल से आज तक कितना बढ़ा, और आज कितने पे रोकेंगे?’ हा प्रश्न त्याच डॉक्टरला सावध ठेवतो, आणि नम्रपणे विचारला तर कुणाला राग यायचं कारण नाही. घरच्या कुणीतरी वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहीत जावा. माझ्या सहावीतल्या मुली हजेरीचा तक्ता करतात तेवढंच हे सोपं आहे. घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं दाखल करतानाच नेऊन दाखवावीत. मात्र हा लेख वाचून कुणी बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नये. ती डॉक्टरने बदलायची गोष्ट आहे आणि आधी सोडियमची तपासणी करून घ्यायची.

कागदपत्रं मागायलाही लाजू नये. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्यात, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे. वर सांगितलेल्या बाईंच्या मुलांकडे फक्त बिल आणि एका ओळीचा डिस्चार्ज कागद होता. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या न्यूरॉलॉजिस्टने पहिला प्रश्न विचारला, सोडियम किती तासांत किती वाढलं? उत्तर द्यायला कुणाकडे काही नव्हतं. आकडे नंतर पहिल्या ठिकाणाहून मिळवले, तेव्हा १०६ आणि १२८ यांच्या मधला एकही रिपोर्ट सापडला नाही.

हा आजार झाला म्हणजे सगळं संपलं, असं पूर्वी डॉक्टरही मानत. आता तसं मानत नाहीत. काही जण पूर्ण बरे होतात, काही काठीच्या आधाराने चालू लागतात, काहींचं बोलणं अडखळत का होईना परत येतं, काही मात्र खाटेवरून उठत नाहीत. सुधारणा महिनोन्‌महिने चालते. नळीने अन्न, कूस बदलणं, फिजिओथेरपी, बोलण्याचे व्यायाम. त्या बाईंना सात महिन्यांनी मऊ खिचडी गिळता यायला लागली. बोलणं अजून घरच्यांनाच कळतं. धाकट्या सुनेने पुठ्ठ्यावर उर्दू हरूफ लिहून दिले आहेत, त्या बोटाने दाखवतात. या सुनेने शिवणकामाची नोकरी सोडली. तिचा हिशेब कुठल्याही बिलात आलेला नाही.

अर्ध्या पानाच्या कागदावर काय असावं, ते मी लिहूनच टाकते, कुणाला उचलायचं असेल तर उचला. रुग्णाचं आलं तेव्हाचं सोडियम इतकं. उद्या याच वेळेपर्यंत ते जास्तीत जास्त इतकंच वाढवायचं आहे, हळू वाढवणं हाच उपचार आहे. पुढचं रक्त इतक्या वाजता घेतलं जाईल. लघवी एकदम जास्त व्हायला लागली तर सिस्टरला सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ, मिठाचं पाणी, जास्तीचं पाणी देऊ नका. घरी गेल्यावर आठवडाभरात बोलणं जड झालं, गिळताना ठसका लागला, हातपाय आखडले किंवा वागणं बदललं, तर नजर, लकवा म्हणत बसू नका, हा कागद आणि सगळे रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी या. आणि खाली फोन नंबर, जो रात्रीही उचलला जाईल.